दिवसाची मजल

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीचे पत्र आले. मराठीतील परिक्रमावर्णनांवर ती प्रबंध लिहिते आहे. प्रस्तुत लेखकाने बारा वर्षांपूर्वी नर्मदेच्या काठाने काही अंतर पायी तोडले होते, हे तिला कोणाकडून तरी कळले होते, आणि त्या दिवसांत लिहिलेली वही पाहायला मिळेल का, असे तिने विचारले होते. वही सापडली. चाळून पाहिली आणि ती पाठवू नये असे वाटले. 'आज ३१. कालची तूट भरली.' 'आज २४ च. उद्या २८ करावे लागतील.' 'डाव्या टाचेला फोड. २७.' एकेचाळीस दिवसांची ही नोंद. आणि या एकेचाळीस रात्री ज्यांच्या ओसरीवर काढल्या, ज्यांचे अन्न खाल्ले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव वहीत नाही. मराठी साहित्य शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने लिहिलेली ही वही एखाद्या टॅक्सीच्या मीटरने लिहिलेली शोभावी.

शेवटी वही पाठवली. तिच्यासोबत जे स्पष्टीकरण द्यायचे होते ते पत्रात मावेना, म्हणून हा लेख.

आमचा हिशेब साधा होता. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही काठ धरले तर परिक्रमा सुमारे २,६०० किलोमीटरांची भरते. परंपरेने तिला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस दिलेले आहेत; चातुर्मासात तर चालायचेच नाही. आमच्याजवळ रजा होती साडेतीन महिन्यांची. मी आणि माझा मित्र, दोघेही मराठीचेच अध्यापक आणि एकाच वर्षी नोकरीला लागलेले, एका संध्याकाळी कागद घेऊन बसलो, २,६०० ला १०० ने भागले आणि रोजची मजल २६ किलोमीटरांची ठरवली. वर दहा दिवस हाताशी राखून ठेवले, याचा आम्हांला अभिमानही वाटला होता. भागाकारात चूक नव्हती. त्यात फक्त ऊन नव्हते, ओझे नव्हते, वाळू आणि नांगरलेली काळी माती नव्हती, नाल्यांमुळे पडणारे वळसे नव्हते. आणि मुख्य म्हणजे मुक्कामाचे गाव नव्हते.

सपाट रस्त्यावर माणूस ताशी पाच किलोमीटर चालतो. चढणीच्या वाटांसाठी स्कॉटलंडमधील नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला, तो अजूनही वापरात आहे: तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. असे ठोकताळे निरोगी, ताज्या, कमी ओझ्याच्या माणसाचे असतात, आणि एका दिवसाचे असतात. सोळाव्या दिवशीच्या माणसासाठी ठोकताळा नाही. दहा किलोंची पिशवी पाठीवर घेऊन नदीकाठाने २६ किलोमीटर म्हणजे, थांबे धरून, नऊ ते दहा तास. म्हणजे पहाटे निघायचे, दुपारी नाइलाजाने सावली धरायची आणि अंधार पडता पडता कुठल्या तरी गावात शिरायचे.

खरगोन जिल्ह्यातल्या एका खेड्यात आम्ही असेच रात्री साडेआठला पोचलो. घरधनीण दारात आली आणि तिने एकच विचारले, "कितनी मूर्ती?" परिक्रमावासीयांची मोजदाद तिकडे 'मूर्ती'त करतात. दोन, म्हणालो. चूल विझवून, सारवून झालेली होती. तिने ती पुन्हा पेटवली, कणीक मळली, दोघांना रोट्या आणि डाळ घातली, आणि आमचे झाल्यावर पुन्हा सारवायला बसली. आम्ही तोवर झोपलो होतो. सकाळी साडेचारला उठून, कोणी जागे होण्याआधी, निघालोही. त्या दिवसाची नोंद अशी: '२९. पोचायला उशीर. जेवण उत्तम.'

ही एका रात्रीची गोष्ट असती तर तिचे काही वाटले नसते. पण थोड्याफार फरकाने हीच गोष्ट आम्ही निम्म्या रात्री केली. संध्याकाळी पाचला पोचलेला माणूस विहिरीवरून पाणी आणून देतो, मिळालेल्या सदाव्रताचा शिधा स्वतः शिजवतो, घरातल्या म्हाताऱ्याशी चार शब्द बोलतो. रात्री साडेआठला पोचलेला माणूस फक्त घेतो. आम्ही जी जादा मजल मारत होतो, तिचे शेवटचे पाचसहा किलोमीटर आमच्या पायांनी नव्हे, त्या बायकांच्या चुलींनी तोडलेले होते. हे मला तेव्हा कळले नाही, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. वहीच साक्षीला आहे.

आणि मित्र. लांबच्या वाटचालीत दम आणि स्नायू दहाबारा दिवसांत तयार होतात, स्नायूबंध आणि सांधे त्यांच्या बरेच मागे राहतात. त्यामुळे आपण सरावलो असे वाटू लागते नेमक्या त्याच दिवसांत इजा होते. मित्राच्या टाचेमागची शीर पंधराव्या दिवशी सुजली. रात्री तो म्हणाला, "उद्या दहाच करू या का रे?" मी वही उघडली आणि आतापर्यंतची तूट त्याला वाचून दाखवली. तो काही बोलला नाही. पुढे चार दिवस तो माझ्या मागे अर्धा, मग एक, मग दोन किलोमीटर राहू लागला. एकोणिसाव्या दिवशी भडोचला मी त्याला बसमध्ये बसवून दिले आणि दुपारचे ऊन उतरायच्या आत पुढे निघालो. एकेचाळिसाव्या दिवशी माझ्याच नडगीने जबाब दिला. तोवर हजार किलोमीटरांच्या थोडे पुढे गेलो होतो. शंभर दिवसांचा तो हिशेब तिथे संपला.

असो. यातून मी जे म्हणू पाहतो ते 'हळू चाला' असे नाही. माझे म्हणणे एवढेच की दिवसाची चाल किती असावी हा प्रश्न पायांना विचारायचा प्रश्नच नव्हे. तो मुक्कामाला विचारायचा असतो. किती चालता येईल, याऐवजी कुठे, किती वाजता आणि कोणत्या अवस्थेत पोचायचे आहे, आणि सोबत कोण आहे, येथून हिशेब मागे आणावा लागतो.

गंमत अशी की आपली भाषा हे जाणून होती. 'मजल' हा शब्द अरबी 'मंझिल'वरून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे उतरण्याची जागा. म्हणजे जिथे घोड्यावरून खाली उतरायचे, ओझे टाकायचे, ते ठिकाण. (घराचा 'मजला' याच घराण्यातला.) ऐतिहासिक पत्रांतून फौजा 'मजल दरमजल' चालतात तेव्हा त्या खरे तर मुक्कामामागून मुक्काम करीत असतात. पुढे मराठीत जागेचा शब्द अंतराला लागला, आणि 'मजल मारणे' हा पराक्रम झाला. 'कोस' हा संस्कृत 'क्रोश', म्हणजे हाक. हाक जाईल एवढे अंतर. 'योजन' म्हणजे एकदा जू चढवल्यावर बैलांनी तोडलेली वाट. एक माप माणसाच्या आवाजाचे, एक जनावराच्या दमाचे, एक उतरण्याच्या जागेचे. कोस मुलखागणिक बदलत असे याचे इंग्रज मोजणीदारांना मोठे आश्चर्य वाटे. मला आता वाटते की त्यात तितकेसे आश्चर्य नव्हते. डोंगरातला कोस आणि मैदानातला कोस सारखे असावेत, अशी अपेक्षाच मुळात न चालणाऱ्याची आहे.

मुक्कामाकडून मागे मोजलेल्या चालीचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या घरात आहे आणि त्याकडे आपण भक्तीच्या किंवा समाजशास्त्राच्या अंगाने इतके पाहतो की वेळापत्रक म्हणून ते पाहायचे राहून जाते. ज्ञानेश्वरांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. पोचण्याची तिथी ठरलेली आहे, ती हलत नाही. वाट सुमारे २५० किलोमीटरांची. सरासरी काढली तर रोज चौदा किलोमीटर येतील. पण सरासरीने कोणताच दिवस चालत नाही. पहिल्या दिवशी पालखी प्रस्थान ठेवते आणि आळंदीतच आजोळघरी मुक्काम करते. म्हणजे पहिला दिवस जवळजवळ न चालण्याचा! माझ्यासारख्या हिशेबी माणसाने तो दिवस केव्हाच वाचवला असता. पुण्यात दोन रात्री काढून मग सासवडची मजल, सर्वांत लांब, सुमारे तीस किलोमीटर, मध्ये दिवे घाट, आणि तोही एकादशीचा उपास. पण या मजलेपुढे सासवडला पुन्हा दोन रात्री आहेत. लोणंदहून तरडगाव जेमतेम आठ किलोमीटर, आणि त्या दिवशी वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण. शेवटची वाखरी ते पंढरपूर ही मजल तर त्याहूनही लहान. तिथीची वृद्धी किंवा क्षय झाला की तो फरक लोणंदच्या मुक्कामात जिरवतात. पायांवर तो येऊ देत नाहीत. हे शहाणपण कोणा एकाचे नव्हे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या सोहळ्याला आजची शिस्त दिली हे खरे, पण कोणत्या गावाला किती हजार माणसांचे पाणी पुरते, कुठे दुपारचा विसावा पडतो, म्हातारी माणसे कोणत्या चढणीनंतर बसतात, हे वर्षानुवर्षांच्या चालण्यानेच ठरले असणार.

या चालीत वेगाचा मालक कोणी नाही. दिंडीचा वेग टाळमृदंगाच्या लयीने धरलेला असतो, आणि अभंग म्हणत चालणाऱ्याला आपल्या श्वासाबाहेर चालताच येत नाही. चालताना बोलता आले पाहिजे हा जो नियम आज धावण्याचे प्रशिक्षक शिकवतात, तो इथे गाऊन पाळला जातो. संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो, हजारो माणसे क्षणात गप्प होतात, आणि मग काय होते? दिवसभरात हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची, माणसांची पुकार. दिवसाचा हिशेब तिथेही होतोच. फक्त तो किलोमीटरांचा नसतो.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. वारीत तंबू आणि सामान ट्रकने पुढे गेलेले असते, वाट ठरलेली असते. एकट्यादुकट्या चालणाऱ्याला हा थाट कुठला? अमेरिकेतील ॲपलेशियन ट्रेलवर, जो सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांचा आहे आणि पुरा करायला बहुतेकांना पाचसात महिने लागतात, 'ज्याने त्याने आपली वाट आपल्या चालीने चालावी' अशा अर्थाचे एक वचन सर्वांच्या तोंडी असते. त्यात औदार्य आहे: कोणी कोणाला वेगावरून हिणवू नये. अर्ल शेफर हा दुसऱ्या महायुद्धातून परतलेला तरुण १९४८ साली ती वाट एका दमात चालून गेला तेव्हा त्याला १२४ दिवस लागले. पन्नास वर्षांनी, १९९८ साली, एकोणऐंशीव्या वर्षी तो ती पुन्हा पुरी चालला. तारा डॉवर या धावपटू स्त्रीने २०२४ साली तीच वाट ४० दिवस १८ तासांत संपवली. तिच्या कर्तृत्वाबद्दल मला आदरच आहे. आणि येथे हेही नोंदवले पाहिजे की तिच्यामागे मुक्कामावर अन्नपाणी घेऊन हजर राहणारी माणसे होती. चुली पेटवणारे कोणी तरी असतेच. प्रश्न एवढाच की ती चूल आपल्याला दिसते की नाही. 'आपली चाल' या शब्दांत मला अडचण वाटते ती 'आपली' या शब्दाची. अगदी एकट्याने चालणाराही संध्याकाळी कोणाच्या तरी दारात जातो.

वेळेची तंगी हेही कारण होऊ शकत नाही, याची दोन उदाहरणे आठवतात. गांधींनी १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून दांडीला जायला सुरुवात केली. मिठाचा कायदा मोडायचा होता ६ एप्रिलला, राष्ट्रीय सप्ताहाच्या पहिल्या दिवशी. म्हणजे इथेही एकादशी ठरलेली होती. २४१ मैल, चोवीस दिवस, सोबत निवडलेले ७८ सत्याग्रही, त्यांत भजनांची बाजू सांभाळणारे आपले पंडित नारायण मोरेश्वर खरे. सरासरी दिवसाला दहा मैल, सकाळ-संध्याकाळ अशा दोन टप्प्यांत, आणि सोमवारी विश्रांती. एकसष्टीत असलेले गांधी तरुणांना मागे टाकतील असे चालत, असे सांगतात. तेव्हा चाल त्यांच्या पायांनी ठरवलेली नव्हती हे उघड आहे. ती वाटेतल्या गावांतल्या सभांनी ठरवलेली होती. दुसरे उदाहरण विनोबांचे. १९५१ साली नियोजन आयोगाच्या आराखड्यावर बोलायला नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावले. विनोबा पवनारहून पायी निघाले आणि सुमारे दोन महिन्यांनी पोचले. दिल्लीला दोन महिने थांबायला लावणे हाही एक युक्तिवाद होता, असे मला नेहमी वाटत आले आहे. पण वाटेत रोज पहाटे निघणे, पुढल्या गावी पोचणे, संध्याकाळी प्रार्थनासभा घेऊन जमीन मागणे हा क्रम सुटला नाही. मागायला जाणाऱ्याने दमून जाऊन चालत नाही. ऐकण्याइतके त्राण शिल्लक लागते.

आता मुळातल्या प्रश्नाकडे, म्हणजे त्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाकडे येतो. पायी प्रवासाच्या मराठी लेखनात कोण किती चालले याला मी आता फारसे महत्त्व देत नाही. कोण किती वाजता थांबले हे मात्र गद्यातून ओळखू येते. दि. बा. मोकाशींचे 'पालखी' (१९६४) घ्या. मोकाशी दिंड्यांसोबत चालतात, आणि पुस्तकाचा जीव आहे मुक्कामांवर: राहुट्यांत, चहाच्या ठेल्यांवर, भेटेल त्याला बोलते करण्यात. इरावती कर्व्यांचा 'परिपूर्ती'तला 'वाटचाल' हा लेख घ्या. एकाच दिंडीत चालणाऱ्या ब्राह्मणांची आणि मराठ्यांची जेवणे वेगळी होतात, हे त्यांना बोचले आणि त्यांनी ते लिहिले. ही गोष्ट चालताना दिसणारी नव्हे. वाटेवर सगळे एकाच अभंगात असतात. ती पंगत बसल्यावर दिसते, आणि तीही ज्याच्या डोळ्यांवर अजून झोप उतरलेली नाही त्याला. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी तर १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नर्मदाकाठ तुकड्यातुकड्यांनी चालायला घेतला आणि ते वर्षानुवर्षे चालत राहिले. त्यांच्या गुजराती-हिंदी पुस्तकांत रेखाटने आहेत. माणसाचे रेखाटन करायचे तर त्याच्यासमोर बसावे लागते.

याउलट अलीकडे परिक्रमावर्णनांचे जे पीक आले आहे, त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांत, लेखकाची नावे घेण्याचे कारण नाही, दिवस, अंतर, फोड, चमत्कार, पुढचा दिवस असा क्रम असतो. ही माणसे लिहिता येत नाही म्हणून असे लिहितात, असे आपण वर्गात म्हणतो. मला शंका आहे. दहा तास चालून आलेल्या माणसाजवळ स्वतःच्या शरीराखेरीज विषयच उरत नाही. आणि रात्री दारात उभ्या राहिलेल्या बाईने दिलेल्या अन्नाचे स्पष्टीकरण तिच्या घरात न शोधता चमत्कारात शोधणे सोपे जाते. वहीत मीही दोन ठिकाणी 'मैयाची कृपा' असे लिहून ठेवले आहे. कृपा असेलही, पण कणीक कोणी मळली हे मी पाहिले होते.

येथे एक सावधगिरी घेतो. संथपणाचे कौतुक ही सध्या एक चैन झालेली आहे, आणि ज्याला रजा मिळत नाही, ज्याची रोजंदारी बुडते, त्याला दहा किलोमीटरांवर थांबण्याचा उपदेश करणे अश्लाघ्य आहे. पण त्यावरचा उपाय वेग वाढवणे हा नसून वाट लहान करणे हा आहे. आमच्याजवळ शंभर दिवस होते तर आम्ही शंभर दिवसांची नदी चालायला हवी होती. सगळी नदी शंभर दिवसांत कोंबायला नको होती. अभ्यासक्रम आखणाऱ्या मंडळींनाही हे लागू पडेल, पण तो विषय वेगळा आणि त्यावर मी पूर्वी पुष्कळ बोलून झालो आहे.

मित्राशी या गोष्टीवर मी बारा वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. वही पाठवण्याआधी त्याला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, "तूट किती होती रे शेवटी?" मग बराच वेळ दोघेही गप्प होतो. कार्तिकी एकादशीनंतर निघायचे, असे त्या फोनवर ठरले आहे. भडोचहून, जिथे त्याची वाट तुटली तिथून, आणि तीन आठवडेच. खंडित परिक्रमा अशी सांधता येते का, हे शास्त्र्यांनी पाहावे. या वेळी आखणी त्याने केली आहे. काल त्याचा कागद आला: मुक्कामाचे गाव, उतरायचे ठिकाण, दुपारी किती वाजेपर्यंत पोचायचे ती वेळ. अंतराचा रकाना त्याने ठेवलेला नाही. मी नकाशा काढून मोजले. पहिली मजल नऊ किलोमीटरांची आहे. त्याच्या पुढे पाचच किलोमीटरांवर आणखी एक बरे गाव दिसते. त्याला अजून तसे कळवलेले नाही.